पंचेचाळीस मिनिटांचं कीर्तन, पावणेसात तास

आबांच्या कीर्तनाच्या ४२ कॅसेटी सदाशिव पेठेतल्या एका दुकानातून वॅव (न दाबलेल्या, मोठ्या ध्वनी) फायली करून आणल्या. एकेक बाजू ४५ मिनिटांची, साधारण ४७५ एमबी. कॅसेट मोनो (एकच धार), मग फाईल स्टिरिओ (दोन धारा) का, असं विचारलं तर "सगळ्यांना असंच देतो" हे उत्तर.

खरखर काढायची, मोनो करायचं, एमपीथ्री बनवायची. प्रत्येक टप्प्याला एक तात्पुरती फाईल, आणि लॅपटॉपवर जागा नाही. तिसऱ्याच बाजूला डिस्क भरली. म्हणून पाइपची, म्हणजे मध्ये फाईल न करता एका प्रोग्रामचं काम थेट दुसऱ्यात सोडणाऱ्या नळीची, वाट धरली: एफएफएमपेग या प्रोग्रामने टिकटिक काढायची, ते थेट खरखर काढून मोनो करणाऱ्या सॉक्सला, तिथून एमपीथ्री बनवणाऱ्या लेमला. फाईलच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ द्यायची, बस. लिनक्सवर या नळीत एका वेळी ६४ केबी मावतं, म्हणजे मोनोत जेमतेम पाऊण सेकंदाचं कीर्तन. पुढचा प्रोग्राम उचलेपर्यंत मागचा थांबतो. हे इतकं झकास चाललं की मी जरा माजलोच. साफ केलेली वॅवही हवी, म्हणून मध्ये 'टी' हा धार दुभंगणारा प्रोग्राम घातला: एक धार फाईलमध्ये, एक लेमला.

चार दिवसांनी आत्याचा फोन. "अरे, आबा पावणेसात तास कधीपासून उभे राहायला लागले?"

पेनड्राइव्हवरची वॅव उघडली. लांबी ६:४५:४७. पट्टी अर्ध्यावर ओढली की शुकशुकाट, आणि अख्खं कीर्तन पट्टीच्या पहिल्या टिचभर तुकड्यात. मी आधी दुकानाला शिव्या घातल्या. मग सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) तपासला, चॅनल तपासले, आवाज तर अगदी बरोबर वेगात. दोन रात्री गेल्या. सॉक्स दरवेळी सांगत होतं की हेडरमधली (फाईलच्या सुरुवातीच्या माहितीतली) लांबी चुकणार, कारण मागे जाऊन ती दुरुस्त करता येत नाही. मी ती ओळ वाचत नव्हतो, कारण तो 'एरर' नव्हता, नुसता 'वॉर्न', म्हणजे इशारा, होता.

भानगड अशी. वॅवच्या अगदी सुरुवातीला डेटा किती बाइट आहे ते लिहावं लागतं. नेहमीच्या फाईलमध्ये प्रोग्राम काम संपल्यावर परत सुरुवातीला जाऊन आकडा भरतो. नळीत गेलेलं पाणी मागे कुठून येणार? म्हणून सॉक्स आधीच एक भलामोठा आकडा ठोकून देतं, २,१४,७४,७९,५५२ बाइट. मोनो, १६ बिट (२ बाइट), सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ८८,२०० बाइटने भागा: ६ तास ४५ मिनिटं ४७ सेकंद. हे गणित कागदावर जुळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला चहा करून प्यावासा वाटला.

उपाय चिल्लर निघाला. 'टी'च्या पुढे फाईलचं नाव न देता आणखी एक सॉक्स जोडला, आणि त्याला खरं नाव दिलं. ते शेवटी मागे जाऊन लांबी भरतं. आधीच बिघडलेल्या फायली 'इग्नोर-लेंग्थ' (हेडरमधली लांबी मानू नको) लावून सॉक्समधून पुन्हा काढल्या. मधल्या टप्प्यांत तर वॅव वापरूच नका, सॉक्सचा स्वतःचा फॉरमॅट नळीसाठीच आहे.

हो, आणि आवाज वाढवायला सॉक्सचा 'नॉर्म' लावू नका. सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे हे कळायला त्याला अख्खं कीर्तन आधी ऐकावं लागतं, म्हणून ते स्वतःच गुपचूप तात्पुरती फाईल करतं. एवढा खटाटोप कशासाठी केला होता! मी ठरावीक डेसिबल वाढवले.

सॉक्सने खरखर काढताना प्रमाण ०.२१ वर ठेवलं. त्याच्या वर गेलो की झांजा पाण्यात वाजवल्यासारख्या. आणि स्क्रिप्टच्या (या सगळ्या आज्ञांच्या फाईलच्या) डोक्यावर 'पाइपफेल' लिहा, म्हणजे नळीतला कुठलाही प्रोग्राम मेला तर कळतं. नाहीतर पहिला प्रोग्राम मेला तरी शेवटच्याचं "सगळं ठीक" तेवढं ऐकू येतं. माझ्या दोन बाजू अशाच रिकाम्या निघाल्या होत्या.

काल आत्याला नवा पेनड्राइव्ह दिला. तिने आधी लांबी बघितली, मग प्ले दाबलं.