वरच्या दातांची आतली बाजू

"दात आंबत्यात म्हणती सारखी. गार चालत न्हाई, गरम चालत न्हाई. चिंचा-कैऱ्या तर खात न्हाई ओ ही," आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलली. मुलगी अकरावीतली. स्कूटीवर गुंडाळलेला स्कार्फ तिनं आत आल्यावरही सोडला नव्हता. राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात निम्म्या मुली अशाच येतात, मी लक्ष दिलं नाही.

सोबत दुसऱ्या एका दवाखान्याचा कागद होता. वरच्या पुढच्या सहा दातांना सिरॅमिक कॅप, रकमेसकट. दात का झिजले, याबद्दल एक ओळ नाही. आमच्या धंद्यात हल्ली आधी दर ठरतो, मग निदान.

समोरून दात ठीक दिसत होते. आरसा आत घातला आणि हात थांबला. टाळूकडची बाजू गुळगुळीत, वाटीसारखी खोलगट, इनॅमल जाऊन पिवळा थर उघडा पडलेला. दाढेतलं जुनं चांदीचं फिलिंग दाताच्या वर उठून आलेलं, म्हणजे फिलिंग जागेवरच होतं, भोवतीचा दात विरघळला होता. खालचे पुढचे दात मात्र शाबूत. लिंबू-कोल्ड्रिंकचं आम्ल बहुधा ओठांकडची बाजू आधी खातं. हे पोटातून वर आलेलं होतं आणि खालच्या दातांना जिभेनं झाकलं होतं. पीएचचा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र; साडेपाच पीएचच्या खाली इनॅमल विरघळू लागतं. जठरातलं आम्ल दोनच्या आसपास असतं.

कानाखाली दोन्हीकडं लाळग्रंथी फुगलेल्या, न दुखणाऱ्या. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली बुलिमियाचं, म्हणजे भरभरून खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याच्या आजाराचं, वर्णन केलं; त्यात घशात बोटं घालून पेरांवर पडणाऱ्या घट्ट्यांची खूण आहे. हळूच हात बघितले. घट्टे नव्हते.

"ॲसिडिटी हाय तिला." दोन वर्षं गोळ्या चालू होत्या. ॲसिडिटीनंही दात असे होऊ शकतात, म्हणून मी जपून विचारलं, जेवते का?

"जेवती की! रविवारी मटण असलं की दोन भाकऱ्या जास्तच. फक्त मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जात न्हाई. फोटोत उभी ऱ्हात न्हाई. अभ्यासाचं टेन्शन, दुसरं काय."

वजनही बेताचं. पोरगी हाडकुळी झाली तर घर हादरतं. ताट पुसून खाणाऱ्या पोरीवर कोल्हापुरात कोण संशय घेणार?

एक्स-रेचं निमित्त करून आईला बाहेर बसवलं. मग ॲसिडिटीचंच बोलतेय अशा सुरात म्हटलं, "उलटी झाली की लगेच ब्रश करायचा नाही हं. मऊ पडलेलं इनॅमल घासून जातं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची. ब्रश अर्ध्या तासानं."

"मग वास?"

बोलून गेली आणि दचकली. मी एक्स-रेची फिल्म उगीच उलटसुलट करत राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मॅडम, गाल कधी उतरतील?"

तेव्हा स्कार्फ कळला मला. उलट्यांनी ग्रंथी फुगतात, आरशात तोंड गोल दिसतं, ते बघून पुन्हा उलट्या. आईला गाल दिसत होते, तिला वाटायचं पोरीनं बाळसं धरलंय.

"थांबलीस की उतरतात," मी म्हटलं. खरं होतं, पण निम्मंच. थांबल्यावर पहिले काही दिवस त्या आणखी फुगू शकतात आणि उतरायला आठवडे लागतात. हे सांगितलं तर ती थांबायचीच नाही, अशी भीती वाटली.

आईला काय सांगायचं ते तिच्याशीच ठरवलं: उलट्या होतात, एवढंच. रक्तातल्या पोटॅशियमची तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. "दाताला मनाचा डॉक्टर?" म्हणत आईनं चिठ्ठी पर्समध्ये टाकली. कॅपचं काम मी थांबवलं. उलट्या चालू असताना कॅप बसवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. मी फोन केला.

"उलट्या थांबल्या बघा," आई खुशीत होती. "पण गाल लय सुजल्यात म्हणून चार दिवस खोलीतनं बाहेर येत न्हाई."

"द्या तिच्याकडं," मी म्हटलं. फोन दाराच्या फटीतून आत सरकवल्याचा आवाज आला. पलीकडून कुणी बोलेना.