दरपत्रकाची कॉमा-व्ही फाइल हाताने दुरुस्त करताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचं जॉबवर्कचं दरपत्रक आरसीएसमध्ये (फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) ठेवलेलं होतं. एकच टेक्स्ट फाइल, १.१ ते १.४६ अशा आवृत्त्या, नगांची नावं काही मराठीत, काही कानडीत. दर लिहायची पद्धत आपल्याकडच्या बिलांतलीच: ‘फ्लँज टर्निंग ५० नग @ १८’. कुणीतरी कॉमा-व्ही फाइल (आरसीएस सगळ्या आवृत्त्या जिच्यात ठेवतं ती, नावाच्या शेवटी ‘,v’ असलेली) थेट एडिटरमध्ये उघडली, सगळीकडे @ दोनदा दिसतो म्हणून ‘फाइंड-रिप्लेस’ने @@ चे @ केले आणि सेव्ह केलं. त्यानंतर एकही जुना दर निघेना. ती फाइल पुन्हा उभी करताना जे लागलं ते लिहितो.

आधी फॉरमॅट. वर एक छोटा प्रशासकीय भाग असतो: हेड, अॅक्सेस, सिम्बॉल्स, लॉक्स, कॉमेंट. प्रत्येक नोंद अर्धविरामाने संपते. मग आवृत्त्यांची यादी, नवीपासून जुनीकडे. प्रत्येकीची तारीख, लेखक, स्टेट आणि ‘नेक्स्ट’, म्हणजे तिच्या आधीची आवृत्ती कुठली ते. तारीख ग्रिनिचच्या वेळेत असते, त्यामुळे सकाळी अकराला केलेली नोंद ०५.३० ची दिसते. ती चूक समजून दुरुस्त करू नका. त्यानंतर वर्णन (‘डेस्क’), आणि शेवटी प्रत्येक आवृत्तीचा लॉग व मजकूर. तो असा (फाइलीत हे शब्द आणि आज्ञा इंग्रजी अक्षरांत असतात):

१.४५
लॉग
@बुशचा दर घातला
@
टेक्स्ट
@डी१२ १
ए१२ १
फ्लँज टर्निंग ५० नग @@ १८
@

पूर्ण मजकूर फक्त हेडचा, म्हणजे सगळ्यांत नव्या १.४६ चा. बाकी सगळ्या मागे जायच्या आज्ञा आहेत. ‘डी१२ १’ म्हणजे १२ व्या ओळीपासून एक ओळ काढा, ‘ए१२ १’ म्हणजे १२ व्या ओळीनंतर पुढची एक ओळ घाला. ओळींचे क्रमांक नेहमी वरच्या, नव्या आवृत्तीतले. काढल्या-घातल्यावर बदललेले नव्हेत. इथे गोंधळ होतो तो असा की लॉग पुढे जाताना काय केलं ते सांगतो आणि मजकूर मागे कसं जायचं ते.

आता @. प्रत्येक मजकूर दोन @ च्या मध्ये असतो आणि आतला प्रत्येक @ दुप्पट लिहिला जातो. म्हणून @@ चा @ केला की दरापाशीच मजकूर संपल्यासारखा होतो. दर इंग्रजी आकड्यांत असेल तर आरसीएसला तो पुढच्या आवृत्तीचा क्रमांक वाटतो! दुसरा घाव जास्त वाईट. रिकामा मजकूर @@ असाच लिहितात. आमच्या फाइलीत वर्णन रिकामं होतं. त्याचा एकच @ उरला आणि त्याने पुढच्या लॉगच्या सुरुवातीच्या @ पर्यंतचं सगळं गिळलं. एररमध्ये ओळ क्रमांक येतो खरा, पण मोडलेली जागा त्याच्या वर असते.

पहिलं काम म्हणजे नक्कल काढून मूळ फाइल बाजूला ठेवणं. कामाची चालू प्रतही वेगळी ठेवा, कारण मोडलेल्या फाइलीतून काढलेलं हेड पहिल्या @ पाशी तुटलेलं निघू शकतं. मग @ मोजा. धड फाइलीत ही संख्या नेहमी सम असते. विषम आली तर फाइल नक्की मोडलेली. सम आली म्हणून मात्र ती धड ठरत नाही.

नंतर एडिटरने आणखी काय केलंय ते बाइट पातळीवर पाहिलं. सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट चिकटले असतील तर ते काढायचे, नाहीतर ‘हेड’ हा शब्दच ओळखला जात नाही. विंडोजचे ओळशेवट (ओळीच्या शेवटी येणारा जादा सीआर बाइट) सरसकट पुसू नयेत. ‘हेड’ आणि ‘अॅक्सेस’ या ओळींनाही सीआर लागला असेल तर तो एडिटरचा, कारण आरसीएस स्वतः तो लिहीत नाही. फक्त मजकुरात असेल तर तो मूळचाच. त्याला हात लावू नका. यूटीएफ-८ युनिकोडमधल्या देवनागरी किंवा कानडी अक्षरांच्या बाइटांत @ कधीच येत नाही, त्यामुळे नावांची काळजी नव्हती. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली असतील तर तिथे @ हा एखाद्या अक्षराचा तुकडाही असू शकतो.

दुरुस्तीसाठी ऑकची (ओळीओळीने मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेची) वीसेक ओळींची स्क्रिप्ट पुरली. ‘डेस्क’, ‘लॉग’ किंवा ‘टेक्स्ट’ एवढाच शब्द असलेल्या ओळीनंतर येणारा पहिला @ हा उघडणारा. ओळीवर एकटा @ असेल तर तो बंद करणारा. मधले सगळे @ दुप्पट करायचे. उघडणाऱ्या ओळीवरच एकटा @ असेल आणि लगेच ‘टेक्स्ट’ किंवा रिकामी ओळ व क्रमांक येत असेल, तर तिथे @@ होतं. प्रशासकीय भागाला स्क्रिप्टने शिवायचं नाही.

दोन जागा हाताने कराव्या लागल्या. फाइलीच्या शेवटी ओळ न मोडता सेव्ह केलेल्या आवृत्त्यांत बंद करणारा @ शेवटच्या दराला चिकटून येतो, ‘@ १८@’ असा. स्क्रिप्ट तोही दुप्पट करते आणि पुढचं सगळं घसरतं.

तपासणीसाठी सगळ्यांत कामाचे ते ‘डी’ आणि ‘ए’चे आकडे. ‘ए’च्या मागे जितका आकडा तितक्याच ओळी हव्यात, त्यानंतरची ओळ ‘डी’, ‘ए’ किंवा बंद करणारा @ नसेल तर तिथेच गडबड आहे. वरून खाली जायचं, कारण १.३० चा तुकडा मोडला तर १.३० आणि त्याच्या आधीच्या सगळ्या जातात, १.३१ पासून पुढच्या शाबूत राहतात.

याची मर्यादाही लक्षात असू द्या. आरसीएसच्या फाइलीत चेकसम (मजकूर बदलला का ते पडताळायची बेरीज) नाही. एससीसीएस ही आवृत्त्या ठेवणारी दुसरी जुनी प्रणाली पहिल्याच ओळीत तो ठेवते. गिट या आजच्या प्रणालीत तर एक बाइट हलला की हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळत नाही, पण तिथलं सगळं कॉम्प्रेस केलेलं असल्यामुळे असं हाताने शिवताही येत नाही. इथे १८ चे ८१ झाले असते तर ओळी बरोबरच भरल्या असत्या. म्हणून जिथे हात लावला होता त्या ओळी जुन्या कागदी बिलांवरून ताडून घेतल्या.

कॉमा-व्ही फाइल वाचण्यापुरतीच असते, तरी फोल्डरमध्ये लिहायची मुभा असली की बरेच एडिटर ती बदलून टाकतात. ती मुभा काढताही येत नाही, कारण नवी आवृत्ती आधी शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत लिहून मग नाव बदललं जातं. (मध्येच वीज गेली तर मागेपुढे स्वल्पविराम असलेली ही फाइल तशीच राहते आणि फाइल वापरात असल्याचं सांगत बसते, कुणाचं काम चालू नाही ना ते पाहून ती पुसायची.) आता रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) प्रत्येक कॉमा-व्ही फाइलीतून १.१ काढून पाहिली जाते. हेड काढून काही कळत नाही, १.१ पर्यंत पोहोचायला मुख्य साखळीतला प्रत्येक तुकडा वाचावा लागतो.