विदर्भातून तारकर्लीला: तिथी पाहून समुद्रावर

आर्वीकडच्या आमच्या गावात पोहणाऱ्यांची कमी नाही. कोणी वर्धा नदीत शिकलं, कोणी कमरेला डबा बांधून विहिरीत. त्यामुळे मालवण-तारकर्लीचं ठरलं तेव्हा पाण्याची भीती कोणालाच नव्हती, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती होती. नदी एकाच दिशेला वाहते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि उतरताना सोबत काय नेईल ते सांगत नाही.

कपाशीचा दुसरा वेचा घरात आला, हरभऱ्याला पाणी देऊन झालं, तेव्हा जानेवारीत निघालो. हाच काळ बरा. मे महिन्यात शेतकऱ्याला सवड असते खरी, पण तेव्हा तिकडे घाम आणि गर्दी दोन्ही असतात. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत तर बोटी, वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद असतं.

आम्ही नागपूर-मडगाव विशेष गाडीने गेलो. वर्धा, बडनेरा, अकोला करत ती कल्याण-पनवेलवरून कोकणात उतरते. आठवड्यातून दोनच दिवस होती, तेव्हा आधी गाडी पक्की करा, मग खोली. कुडाळला उतरलो, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. एसटी मिळते, माणसं जास्त असली तर जीप परवडते. दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते. मध्यरात्री नाशिक-इगतपुरीला जी थंडी लागते तिच्यासाठी शाल वरच ठेवा, बॅगेत तळाशी नको. मालवणला स्वेटर लागतच नाही. आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तिथे रात्री अठरा-वीसच्या आसपास राहतो.

तरीही सकाळी गारवा असतो, आणि तोच मला सगळ्यात आवडला. वाळू लवकर तापते तशी लवकर निवते. पहाटे अनवाणी चाललं तर तळवे गार पडतात, आणि पाण्यात पाय घातला तर पाणी कोमट लागतं. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. शाळेत खारे वारे-मतलई वारे घोकले होते, मार्कही मिळाले होते. सुरूच्या झाडाखाली बसून टोपी दोन्हीकडे उडाली तेव्हा धडा पूर्ण झाला. चालायचं असेल तर सूर्योदयापासून नऊ-साडेनऊपर्यंत चाला. ओल्या वाळूवर छोट्या खेकड्यांनी बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, भरती आली की पुसली जाते. हिवाळ्याला आलेले कुरव पक्षी काठावर थव्याने बसलेले दिसतात. आमच्यातल्या एका आजीने अर्धा तास नुसतं पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सरतेच नाही काय वं कुठं?"

आता मुख्य गोष्ट. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते मामा पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "आधी भरती बघा, मगे पाण्यात उतरा." मग त्यांनी कोळ्यांचा जुना हिशेब सांगितला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. पंचमी असेल तर पावणेचार. तिथून सव्वासहा तास मागे-पुढे गेलं की ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ आणि रात्री दहा. दुसऱ्या दिवशी सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. हिशेब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, तेव्हा गावातूनच दिवस ठरवता येतात. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा चढउतार कमी. लेकरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर अष्टमी धरून जा. एकादशीचा उपास सांभाळणाऱ्यांनी तिथी पाहून सहल ठरवायला कुरकुर करायचं कारण नाही.

पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना, आणि स्थानिक लोक दाखवतील तिथेच. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गढूळसर दिसला तर तिथे मुळीच जाऊ नका. काठावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत जातं, धरणाचं दार उघडल्यावर ओढावं तसं. त्यात कोणी सापडलाच तर काठाकडे तोंड करून झुंजू नये, पट्टीचा पोहणाराही थकतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत पट्ट्याबाहेर पडावं, मग काठाकडे यावं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दिसायला फार देखणा, पण तो बोटीतूनच पाहायचा. आपली नदीची पोहणी तिथे चालत नाही. आमच्या पोरांना हे पटवायला मामांना आवाज चढवावा लागला.

तारकर्लीच्या वाळूवर सकाळी रापण लागलेली पाहायला मिळाली तर बाकीचा बेत बाजूला ठेवा. होडीने अर्धगोल जाळं टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं काठावरून ओढतात. वेळ लागतो. विचारलं तर दोराला हात लावू देतात; दोर ओलांडून मध्ये उभं राहू नका. जाळं वर आलं तेव्हा तारली, बांगडे आणि बरंच काही फडफडत होतं, वर घारी घिरट्या घालत होत्या. एका रापणवाल्याशी आमच्या काकांचं गणित लगेच जुळलं. भाव कोण ठरवतं, काकांनी विचारलं. घेणारा, तो म्हणाला. मग दोघं कापूस आणि बांगड्यावर असे बोलत बसले की चहा दोनदा आला. पर्ससीन म्हणजे मासळीला घेरणारं मोठं जाळं लावणाऱ्या बोटी आल्यापासून किनाऱ्याजवळ मासा कमी झाला, ही त्याची तक्रार. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पैशाची ओढाताण कशी असते ते आम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या बोटीने जा, नंतर रांग वाढते आणि तटावर ऊन लागतं. १६६४ साली काम सुरू झालेला हा किल्ला कुरटे बेटावर आहे. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. विहीर खोदून दगड लागलेल्या माणसाला याचं अप्रूप जास्त. राजारामाने बांधलेलं शिवरायांचं मंदिरही आत आहे.

स्कूबा, म्हणजे श्वासाची नळी लावून पाण्याखाली उतरणं, सगळ्यांनी करावंच असं माझं मत नाही. पाणी नितळ असेल तरच पैसे घाला. बोटीत बसण्याआधी माणसं मोजा, जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बोट सोडू देऊ नका. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. घासाघीस भावात करा, जॅकेटमध्ये नको.

जेवणाचं आदल्या रात्रीच सांगून ठेवा, विशेषतः सोबत माळकरी असतील तर. न सांगता गेलात तर मासळीशिवाय ताटात फार काही नसतं. सांगितलं तर काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि सोलकढी असा बेत होतो की मासे खाणारेही तिकडे वळतात. खोबऱ्याची सवय नसेल तर पहिल्या दिवशी पोट सांभाळून खा. आपली ज्वारीची भाकर तिथे मिळत नाही, तांदळाची मिळते.

एकाच गावी मुक्काम करा. मालवण, वेंगुर्ला, गोवा असं एका दमात करणारे गाडीतच बसून राहतात. ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी न्या. सुकट आणायची असेल तर घट्ट झाकणाचा डबा घरूनच न्या. नुसत्या पिशवीत बांधून आणलेल्या सुकटीचा वास आमच्या रेल्वेच्या डब्यातल्या कोणीतरी भुसावळपर्यंत सगळ्यांना पुरवला.