थ्रेड-लूप: बंद केलेला एफडी ईपोलमधून जाईना, त्याची गोष्ट

सापडलं एकदाचं! (थ्रेड-लूप म्हणजे मी लिनक्सवर लिहीत असलेला इव्हेंट लूप: बऱ्याच एफडींवर, म्हणजे उघड्या फाईल-पोर्टना कर्नलने दिलेल्या नंबरांवर, नजर ठेवायची आणि काही घडलं की त्याचा हँडलर चालवायचा.) मागच्या नोंदीच्या शेवटी जे रडगाणं गायलं होतं, सिरीयल पोर्ट वाचणारा थ्रेड मधूनच सीपीयूचा एक अख्खा कोअर खातो म्हणून, त्याचं मूळ हाताला लागलंय. गंमत म्हणजे ते लूपमध्ये नव्हतंच, पण दुरुस्ती मात्र लूपमध्येच करावी लागली.

आधी किरकोळ बातम्या. मांडणी तीच जुनी: प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ईपोल (एफडींवर नजर ठेवण्याची कर्नलची सोय), बाहेरून काम टाकायला म्युटेक्सवाली (एका वेळी एकच थ्रेड हात लावेल अशी) रांग, झोपलेल्या थ्रेडला उठवायला ईव्हेंटएफडी (आकडा लिहिला की जागं करणारा एफडी). आता रांग रिकामी असताना पडलेल्या पहिल्याच कामाला ईव्हेंटएफडीत लिहितो. रांगेत आधीच काही असेल तर थ्रेड उठणारच आहे, उगाच सिस्टीम कॉल कशाला? फक्त उठल्यावर आधी ईव्हेंटएफडी वाचायचा आणि मग रांग उचलायची, हा क्रम उलटा झाला की काम अडकलंच म्हणून समजा. टायमरएफडीला (वेळ झाली की जागं करणाऱ्या एफडीला) रजा दिली. मिन-हीपमधला (सगळ्यात लहान वेळ वर ठेवणाऱ्या रचनेतला) सगळ्यात जवळचा टायमर बघून तेवढाच टाइमआउट ईपोल-वेटला (काही घडेपर्यंत थांबणाऱ्या कॉलला) देतो, मिलिसेकंद वरच्या बाजूला पूर्ण करून. खाली केलं तर शेवटच्या मिलिसेकंदात लूप शून्य टाइमआउटने गरगरत बसतो. आता निवांत असताना टॉपमध्ये (कोण किती सीपीयू खातं ते दाखवणाऱ्या आज्ञेत) ०.० दिसतं आणि डोळ्यांचं पारणं फिटतं.

आता मूळ दुखणं. गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजणारा अर्डुइनो नॅनो बोर्ड (सीएच३४० या यूएसबी-सिरीयल चिपवाला क्लोन) चालू असताना यूएसबीतून उपटला की बहुतेक वेळा सगळं शिस्तीत आवरतं. पण कधी कधी थ्रेड शंभर टक्क्यांवर जातो आणि तिथून हलत नाही. अशा वेळी जीडीबी या डीबगरच्या नादी लागू नये असं माझं पक्कं मत झालंय, थांबवून बघितलं की सगळे थ्रेड साळसूद दिसतात. सिस्टीम कॉल दाखवणारा एसट्रेस लावला आणि पडदा भरून गेला: ईपोल-वेट क्षणभरही न थांबता परत येतोय, प्रत्येक वेळी ईपोल-इन (वाचायला आहे), ईपोल-एरर (चूक), ईपोल-हप (जोडणी तुटली), आणि डेटामध्ये जुन्याच हँडलरचा पत्ता. हँडलर बघतो की आपला एफडी उणे एक आहे, म्हणजे आपण बंद झालोय, आणि गुपचूप परततो. लेव्हल-ट्रिगर (स्थिती तशीच आहे तोवर पुन्हा पुन्हा कळवणं) असल्यामुळे कर्नल पुन्हा तेच सांगतो. (मागच्या वेळी दोघातिघांनी 'एज-ट्रिगर लाव' (बदल झाला तेव्हाच एकदा कळवणं) असं सुचवलं होतं. त्याने गरगरणं थांबलं असतं, पण नोंद आतच राहिली असती. ताप उतरवायचा नि फोड तसाच ठेवायचा, असलं औषध नको.)

खरा उजेड पडला तो प्रॉकमधल्या (कर्नल आतली माहिती फाईलींसारखी दाखवतो त्या फोल्डरमधल्या) एफडीइन्फोने. ईपोलच्या स्वतःच्या एफडीची तिथली फाईल उघडली की तो कोणाकोणावर नजर ठेवून आहे ते ओळीओळीने दिसतं. तिथे ओळ होती: टीएफडी (नजरेखालचा एफडी) ९, ईव्हेंट्स १९ (हे हेक्समध्ये: इन, एरर आणि हप मिळून). आणि शेजारच्या एफडी फोल्डरमध्ये ९ नावाचं काहीच नाही! ईपोल-सीटीएलने (नोंदी घालणाऱ्या-काढणाऱ्या कॉलने) ९ काढायला गेलो तर ईबॅडएफ, म्हणजे असा एफडीच नाही. नॅनो परत जोडला, पोर्ट पुन्हा उघडला, त्यालाही ९ च मिळाला, तो ईपोलमध्ये बिनतक्रार जोडलाही गेला. आता एफडीइन्फोत 'टीएफडी ९' च्या दोन ओळी. काढा म्हटलं तर नवी निघते, जुनी ढिम्म.

कारण असं की ईपोल नुसता नंबर लक्षात ठेवत नाही. त्याची किल्ली म्हणजे नंबर आणि त्यामागचं कर्नलमधलं उघडं फाईल-ऑब्जेक्ट, अशी जोडी. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर एकाच जोडाचे दोन बिल्ले दिले असतील तर मी माझा परत करून काही होत नाही, दुसरा बिल्ला कोणाकडे आहे तोवर चपला फळीवरच. बिल्ला म्हणजे एफडी, चपला म्हणजे फाईल-ऑब्जेक्ट, आणि ईपोल बघतो फळीकडे.

मग दुसरा बिल्ला कोणाकडे? कोणी काय उघडं धरलंय ते दाखवणाऱ्या एलएसओएफने सांगितलं: भोंग्याच्या स्क्रिप्टकडे! पातळी खाली गेली की मुख्य थ्रेड फोर्क करून (स्वतःची प्रत, म्हणजे मूल-प्रोसेस काढून) त्या मुलात एक्झेकने ती चालवतो. मी वापरतो ती सिरीयल लायब्ररी (नाव घेत नाही) पोर्ट ओ-क्लोएक्झेकशिवाय (एक्झेक झालं की एफडी आपोआप बंद करणाऱ्या फ्लॅगशिवाय) उघडते, म्हणून तो एफडी एक्झेकनंतरही स्क्रिप्टबरोबर जातो. हा फ्लॅग लिनक्स २.६.२३ पासून आहे हो! बरं, पोर्ट उघडून हातात आल्यावर एफसीएनटीएलने (उघड्या एफडीचे फ्लॅग बदलणाऱ्या कॉलने) लावायचा म्हटलं, तर त्या दोन ओळींच्या मध्येच दुसऱ्या थ्रेडने फोर्क केला की पुन्हा तेच. वर हीच लायब्ररी रीडमध्ये चूक आली की पोर्ट आपणच बंद करते आणि नंतर मला कळवते. म्हणजे बंद होण्याआधी ईपोलमधून काढण्याची संधीच नाही. भोंगा वाजत असताना केबल उपटली तरच रोग दिसणार, म्हणून इतका छळला.

उपाय एका ओळीचा निघाला. लायब्ररीचा एफडी ईपोलला द्यायचाच नाही. एफसीएनटीएलच्या एफ-डुपएफडी-क्लोएक्झेकने त्या एफडीची स्वतःची प्रत काढायची आणि ती नोंदवायची. लायब्ररी तिची बाजू कधीही बंद करो, माझी प्रत जिवंत असते, त्यामुळे मी आधी ईपोलमधून काढतो आणि मग बंद करतो. भोंगा चालू ठेवून केबल मुद्दाम उपटली, एफडीइन्फो स्वच्छ, टॉपमध्ये ०.०. पुन्हा उपटली, निव्वळ मजा म्हणून.

एक तोटा आहे. पोर्ट बंद करून उघडला की डीटीआरच्या (सिरीयल पोर्टच्या एका नियंत्रण-तारेच्या) झटक्याने बोर्ड रिसेट होतं, ही युक्ती वापरत असाल तर माझी प्रत उघडी असेपर्यंत ती चालत नाही. शेवटची प्रत बंद झाल्याशिवाय डीटीआर खाली येत नाही.

आणि एवढ्याने अर्धंच काम झालं. स्क्रिप्टने जुना पोर्ट धरून ठेवलेला असतो, म्हणून नॅनो परत जोडला की तो टीटीवायुएसबी० ऐवजी १ म्हणून येतो. सिरीयल बाय-आयडीचे दुवे (नंबराऐवजी उपकरणाच्या ओळखीने पोर्टकडे नेणारे) वापरून वेळ निभावते, पण ते मनाला पटत नाही. फोर्कनंतर मुलामध्ये क्लोज-रेंज या कॉलने ३ पासून वरचं सगळं बंद करावं असं ठरवलं होतं (कर्नल ५.९ पासून आहे). हे लिहिता लिहिता मॅन्युअल चाळलं तर कळलं की जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून पॉसिक्स-स्पॉनलाच (नवी प्रोसेस सुरू करणाऱ्या फंक्शनला) 'अमुक नंबरपासून पुढचं सगळं बंद कर' असं सांगता येतं. मग थ्रेडवाल्या प्रोग्रॅममध्ये फोर्क हवाच कशाला? तो काढतोय. आणि तो निघतोच आहे तर स्क्रिप्ट संपल्याची खबर घ्यायला ठेवलेला सिग्नलएफडीही (सिग्नल एफडीतून वाचण्याची सोय) जाऊ दे. पिडएफडी (प्रोसेसकडे बोट दाखवणारा एफडी, कर्नल ५.३ पासून) थेट लूपमध्ये नोंदवायचा, स्क्रिप्ट संपली की तो वाचण्याजोगा होतो. म्हणजे लूप आयओ-युरिंगवर (कर्नलला एकगठ्ठा काम देण्याची सोय) नेण्याचं जे मागे जाहीर करून बसलो होतो ते लांबणीवर.

जाता जाता: एवढ्या चारपाच एफडींसाठी साधा पोल (ईपोलचा जुना भाऊ) पुरला असता, हे कबूल. तिथे बंद एफडी दिला तर पोल-एनव्हॅल (असा एफडी उघडा नाही) मिळून विषय संपतो. फ्रीबीएसडीच्या केक्यूमध्येही (ईपोलसारखीच तिथली सोय) एफडी बंद केला की त्याच्या नोंदी आपोआप जातात. पण ईपोलचा खरा फायदा हजारो एफडींना, आणि हा लूप मला पुढे सॉकेटसाठीही वापरायचाय.

आता घोळ एवढाच की प्रत काढण्याचं काम लूपने सरसकट करावं का. सॉकेटला ते नको, तिथे अ‍ॅक्सेप्ट४ (आलेली जोडणी स्वीकारणारा कॉल) मीच करतो, क्लोएक्झेकसह, आणि बंदही मीच करतो. उगाच एफडी दुप्पट होतील. तूर्त नोंदणीच्या फंक्शनला 'उसना' असा एक फ्लॅग जोडतोय: दुसऱ्याच्या मालकीचा एफडी असेल तर लूप स्वतःची प्रत काढेल, नाहीतर आहे तोच वापरेल. कोणी याहून बरं काही केलं असेल तर सांगा, फंक्शनची सही अजून पक्की केलेली नाही.