आत्याचं नाव

हसण्यासारखं त्यात काय होतं, ते काल दुपारपासून मी शोधते आहे.

काकू बोलल्या ते अगदी सहज. "मनकर्णा चालवा की पुढं, घरातलंच नाव आहे." एवढंच. वहिनी हसली, तिच्या मावश्या हसल्या, फोटोवाल्या पोराने कॅमेऱ्यामागून दात काढले. ते सगळं मी सोडून दिलं. वहिनीच्या बाबतीत तर माझं काही म्हणणंच नाही. बाळंतपण तिचं, तेव्हा नावही तिच्या मनासारखं व्हावं, हे डोहाळजेवणात सगळ्यांसमोर मीच बोलले होते. पण दादूसुद्धा हसला. नुसता हसला नाही, वर म्हणाला, "काकू, पोरीला शाळेत जायचंय हो पुढे."

मी नव्हते का गेले शाळेत?

बारशात म्हणे आत्याचा मान असतो. असतो बाई. माझ्या हातात दुमडलेली चिठ्ठी दिली, कोपऱ्याला कुणाचं तरी हळदीचं बोट लागलेलं, आत निळ्या शाईत 'मायरा'. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, मी वाकून कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, तेवढ्यात बायकांनी पाठीत धपाधप धपाटे घातले. म्हणजे नाव ठरवणार ॲप, आणि धपाटे खायचे आत्याने. साडी छान आहे मात्र. मोरपंखी, बारीक काठाची.

मायराला माझी ना नाही. ॲपवर अर्थ 'लाडकी' असा दिलाय, लाडकी ती आहेच. आईने तर आत्ताच तिचं 'मायरे' करून टाकलंय, त्यात माय आहे म्हणून खूश आहे ती. मला लागलं ते दुसरंच. आपलं नाव जिवंत माणसासमोर विनोद म्हणून चालतं, आणि त्या माणसाने पण हसायचं असतं. मी हसले. तेच मला रात्रभर टोचत राहिलं, की मीसुद्धा सगळ्यात मोठ्याने हसले.

आज सुट्टी टाकली होती. कपाटावरचा आजीचा डबा खाली काढला. स्टीलचा, घडीव कडीचा, झाकणाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. मनकर्णाबाई'. भांडीवाल्याचा अंदाज चुकलेला दिसतो. 'मनकर्णा' मोठं ऐसपैस कोरून बसला आणि 'बाई'ला जागाच उरली नाही, ती बिचारी तिरकी होत बुडाकडे घसरली आहे. लहानपणी मला वाटायचं, डब्यावर माझंच नाव आहे. आजी मी जन्मायच्या आधीच्या पावसाळ्यात गेली, म्हणून 'आजीच पोटाला आली' असं म्हणत माझं बारसं झालं. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. निदान मला तसं सांगितलेलं नाही.

आजीला नावाचा अर्थ माहीत नव्हता. गावात अर्ध्या बायका गंगा, यमुना, गोदा, काशी, भागीरथी, त्यात ही मनकर्णा. तीर्थाचं नाव एवढं पुरे होतं. तिची सासू 'मनके' म्हणायची, मतदार यादीत ती 'मनकरणा' होती, रेशनकार्डावर 'मणकर्णा'. मग एकदा गावची यात्रेची बस काशीला गेली. परत आल्यावर तिने जे सांगितलं ते आई अजून तिच्याच आवाजात म्हणून दाखवते: "माझ्या नावाचा घाट हाय तितं. रात्रंदिस सरणं जळत्यात. इझतच न्हाईत." आणि हे ती मिरवून सांगायची म्हणे. गावात कुणाच्या नावाचा एवढा मोठा घाट नव्हता.

वहिनीने नेमकं तेच मोबाइलवर पाहिलं असणार. नाव टाकलं की पहिला फोटो सरणाचाच येतो. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पाळण्यातल्या पोरीसाठी कोण बघेल ते.

पण घाटाच्या आधी कानातलं होतं. मणिकर्णिका म्हणजे कानातला मण्यांचा दागिना, आपण मराठीत 'मणि'चं 'मन' करून टाकलं एवढंच. काशीखंडातली गोष्ट अशी, की विष्णूने चक्राने कुंड खणलं, तिथे बसून घोर तप केलं, ते बघून शंकराने कौतुकाने मान डोलावली आणि कानातलं निसटून कुंडात पडलं. दुसरी एक कथा ते पार्वतीचं होतं असं सांगते. दागिना कुणाचाही असो, नाव कानातल्यावरूनच पडलं यावर दोन्ही कथांचं एकमत. आणि त्याच घाटावर मरणाऱ्याच्या कानात शंकर स्वतः तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा. म्हणजे जगात येताना कानात आत्या, जाताना कानात शंकर. काल हे सुचलं असतं तर काकूंच्या बाजूने बोलता आलं असतं. पण धपाटे पडत असताना असलं काही सुचत नाही.

मग दुपारभर हाच नाद. झाशीची राणी जन्मली काशीत, म्हणून मणिकर्णिका तांबे. 1842 साली गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. इतिहास ओळखतो तो लक्ष्मीबाईला. पुढे 1853 मध्ये आनंदराव दत्तक घेतला, तर त्याचंही नाव बदलून गेलेल्या मुलाचं दामोदर ठेवलं. त्या वाड्यात एकूण कुणाचं पाळण्यातलं नाव टिकलंच नाही. लक्ष्मीबाई टिळक, जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, जन्म 1868. तिचं 1880 मध्ये लग्न झालं, की पुन्हा लक्ष्मी. दोन मनकर्णिका आणि दोघींच्या दोन लक्ष्म्या. आनंदीबाई जोशी आधी यमुना होत्या, आनंदीबाई कर्वे आधी गोदू. तबकात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव गिरवायचं, बायकांनी वाकून वाचायचं, झालं. नदीची पोर आत आली आणि गृहलक्ष्मी होऊन बसली.

माझ्या वेळीही तबक आणलं होतं. तांदळात 'मानसी' लिहिलेलं होतं. तो विषय आज नको.

तर आजीचं नाव सासरी टिकलं हेच नवल म्हणायचं. बहुतेक सासूला दुसरं सुचलं नसावं.

लोकप्रियता म्हणाल तर आईच्या पिढीत सुनीता, संगीता, अनिता. माझ्या वर्गात पूजा आणि अश्विनी ओळीने, बाईंनी 'पूजा' म्हटलं की निम्मा बाक उभा राहायचा. आता सोसायटीच्या बागेत ओवी, स्वरा, अन्वी, कियारा. जुनी नावंही परत येतात, नाही असं नाही. सई आली, जिजा आली, रमा, मुक्ता, जनाईसुद्धा आली. दोन अक्षरी असली तर पटकन येतात, तीनपर्यंत चालवून घेतात. मनकर्णा साडेतीनच्या वर जाते, आणि त्यात मधे तो रफार. मध्यंतरी झाशीच्या राणीवर मोठा सिनेमा आला, नावच मुळी मणिकर्णिका, तेव्हा मला उगीच आशा वाटली होती. कुणी ठेवलं नाही. तलवार सगळ्यांना आवडली, नाव नाही.

कोल्हापूरला अंबाबाईच्या आवारात याच नावाचं कुंड आहे. कित्येक वर्षं बुजवून वर बाग केली होती, अलीकडे उकरून मोकळं केलं. गेले तेव्हा कठड्याला टेकून बराच वेळ बघत होते. सोबतच्या बाईंनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो हो, कुंडाचं कळलं, तुमचं काय?"

आता लिहिताना हसू येतंय, म्हणजे एवढं काही बिघडलेलं नसावं. तसंही या नावाने माझं बरंच भलं केलंय. शाळेत मला कधी आडनाव लावावं लागलं नाही. ऑफिसात माझ्या नावाची मेल चुकून दुसरीकडे गेली, असं होत नाही. बँकेतून फोन येतो तो अत्यंत आदराने, हळूहळू, मोठ्या आवाजात. ज्येष्ठ नागरिकांची ठेव योजना मला समजावून सांगतात. कुरिअरवाला विचारतो, "आजी, ओटीपी सांगायला घरात कुणी आहे का?" मी पण खोल आवाज काढून "थांब हं बाळा" म्हणते. अजून वीस-पंचवीस वर्षं तग धरला, की वय नावाला गाठेल. मायराचं बघा, ती ऐंशीची झाल्यावर काय करणार आहे? मायराआजी! तेव्हा सगळ्याच आज्या मायरा आणि कियारा असतील म्हणा, भजनी मंडळात हाक मारली की चौघी वळून बघतील.

दादूचं मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही. त्याने डब्यातले लाडू चोरून खाल्लेत, त्याच डब्यातले. नाव वाचता यायच्या आधीपासून तो बोट फिरवायचा त्या ठिपक्यांवरून. त्याला मी काही बोलणार नाही. बोलले तर म्हणेल, ताई, किती मनाला लावून घेतेस.

आत्ता वहिनीचा मेसेज आला. रविवारी सोनार घरी येतोय, बाळाचे कान टोचायचे आहेत, पद्धतीप्रमाणे कानातलं आत्याकडून असतं, तर ताई तुम्ही आणाल ना, अगदी लहान चालतील, मण्याचे असले तर फार गोड दिसतील.

मण्याचे. कानातले.

"आणते," असं लिहिलं आणि मग सोन्याचा भाव पाहिला. लगेच दादूला फोन लावला. म्हटलं, "दादू, तेच नाव ठेवलं असतंस तर फुकटात झालं असतं रे."

त्याला काही कळलं नाही. "काय फुकटात?" म्हणाला. म्हटलं, वहिनीला विचार, तिने शोधलंय मोबाइलवर.