स्क्वॉटनंतरची उडी

दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना उतरत होते, तर खालून आजी म्हणाली, "अगं, तू माझ्याहून म्हातारी झालीस की काय!" चूक माझीच. आदल्या दिवशी हँडबॉलसाठी जोशात शंभर बॉक्स जंप (खोक्यावर उड्या) मारल्या होत्या, तेही पायांत ताकद नसताना.

आता कोचदादांनी वेगळीच घडी बसवून दिलीय. आठवड्यातून दोनदाच. जड स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) चार वेळा, मग तीन-चार मिनिटं नुसतं थांबायचं (मला हेच सगळ्यात अवघड जातं), मग पाच उड्या, प्रत्येक जीव तोडून. जड वजनाने स्नायू जागे होतात, पण थकतातही. थकवा उतरेपर्यंत ही विश्रांती. दादा उड्या मोजत नाहीत, ऐकतात. उतरताना पाय 'धप्प' वाजला की सेट बंद. गुडघे आत वळले तरी बंद.

हँडबॉलमध्ये मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूने गोलवर चेंडू मारणारी. गोलसमोरच्या ६ मीटरच्या रेषेबाहेरून उडी घ्यायची आणि आत पाय टेकायच्या आधी चेंडू सोडायचा. हवेत जरा जास्त वेळ मिळाला की गोलकीपर आधी हलते. काल दोनदा तसं जमलं. तिसऱ्यांदा चेंडू खांबाला लागला, पण उतरले मात्र मांजरीसारखी.