पौर्णिमेचा टेंट

माघातली गोष्ट. दादरला आमचं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या सहली आखून द्यायच्या, बुकिंग करायची, हे काम मी नऊ वर्षं करते. त्या दिवशी नवमी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलुंडचे एक काका दोन गाड्या आणि आठ माणसं घेऊन निघणार होते. नऊ दिवसांचा कोकण किनारा, सोबत स्वतःचे टेंट आणि हवा भरायचे दोन कयाक. काका नुकतेच रिटायर झाले होते आणि वर्षभर याच सहलीबद्दल बोलत होते. नातीला त्यांनी शब्द दिला होता, पौर्णिमेच्या रात्री समुद्राला लागून टेंट लावायचा.

प्लॅन तुषारने केला होता. मुलगा मेहनती. कोलाड, वेळास, गुहागर, गणपतीपुळे, देवबाग, आंबोली आणि कोल्हापूरमार्गे परत, सगळं किलोमीटर आणि तासांसकट मांडलेलं. मी सह्या करायच्या आधी शेवटचं वाचत होते, आणि सहाव्या दिवसावर माझं बोट थांबलं. ‘देवबाग. दुपारी 3 : कयाकिंग, संगमापर्यंत. सूर्यास्त : किनाऱ्यावर टेंट.’

सहावा दिवस म्हणजे पौर्णिमा.

आपल्याकडे जुना हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. मुंबईला प्रत्यक्षात बाराच्या आसपास जाते, देवबाग मालवणजवळ, आणि मालवणकडे भरती मुंबईच्या जरा आधी लागते. तर अकरा-सव्वाअकरा धरा. त्यानंतर सहा तास ओहोटी. दुपारी तीनला, देवबागच्या संगमावर समुद्राला मिळणाऱ्या कर्ली नदीचं पाणी पुऱ्या जोराने समुद्राकडे धावत असतं, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, जोर सगळ्यात जास्त. त्यात हवेचा कयाक आणि पहिल्यांदाच वल्हं धरणारी माणसं.

टेंटचं तर त्याहून वाईट. संध्याकाळी पाच-सव्वापाचला ओहोटी तळाला गेलेली, किनारा दिसेल तेवढा रुंद, वाळू टणक. कोणालाही वाटेल इथेच टेंट ठोकावा. आणि रात्री साडेअकराला सगळे गाढ झोपेत असताना पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असणार.

मुंबईकर भरतीची वेळ बघतो ती जुलैत, महापालिकेने मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर केल्या की. हिंदमाताला पाणी तुंबेल का एवढ्यापुरती. माघात कोण बघतो? मी बघते, कारण सहा वर्षांपूर्वी मीच सही केलेल्या एका प्लॅनवर चौघं जण खाडीत उतरले होते. ओहोटीत त्यांतले दोघं मुखाबाहेर गेले. एका मच्छीमार बोटीने त्यांना ओढून आणलं, दोघंही सुखरूप होते, पण तो फोन आला तेव्हा मी जिथे उभी होते तिथेच खाली बसले होते. तेव्हापासून मी आधी पाणी मांडते, मग रस्ता.

देवबागच्या बोटवाल्या दादांना फोन लावला. वेळ सांगितली, तसे ते गप्पच झाले. मग म्हणाले, “पुनवेक तीन वाजता? ताई, पाणी खेचून भायर नेता. सकाळी हाडा तेंका. आठाक.”

सकाळी आठला म्हणजे भरती चढती. पाण्याबरोबर आत, नेरूरपारच्या बाजूला, कांदळवनाच्या कडेने जायचं. भरती थांबली की जरा विसावायचं आणि ओहोटी सुरू होता होता मागे फिरायचं. परतीला पाणीच आणून सोडतं. फक्त संगमाच्या अलीकडे बाहेर पडायचं, तिथे दादा बोट घेऊन उभे राहतील. पण त्यासाठी आदल्या रात्रीच देवबागला पोचायला हवं. म्हणजे त्याआधीच्या मुक्कामांची सगळी साखळी एक दिवस आधी ओढायची. एक रात्र कुठूनतरी कापावी लागणार होती.

साडेचारला काका व्हाउचर घ्यायला आले. मी काही न लपवता सांगितलं. ते चिडले. “अहो ताई, उद्या निघायचंय आम्हाला. आणि किनाऱ्यावर लोक झोपतातच की! मी तरुणपणी झोपलोय.” त्यांचं चिडणं योग्यच होतं, हे मला दोन आठवडे आधी दिसायला हवं होतं. मी म्हटलं, “काका, दहा मिनिटं चालाल माझ्याबरोबर?”

आम्ही दादर चौपाटीवर गेलो. पाण्याच्या कडेला, जिथे लाट येऊन परत फिरत होती, तिथे मी एक करवंटी वाळूत दाबून ठेवली. बोलत उभे राहिलो. मी कोलाडचंही सांगून घेतलं: तिथल्या कुंडलिका नदीला पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून, सकाळी सोडतात, म्हणून नदीवर सकाळीच हजर राहायचं. आणि रात्री पात्रातल्या मऊ वाळूचा मोह धरायचा नाही. काठावरच्या दगडांवर ओलीची रेघ दिसेल, तिच्या बऱ्याच वर टेंट लावायचे. काका ऐकत होते, पण नजर करवंटीवर होती. पहिल्यांदा फेस नुसता शिवून गेला. मग एका लाटेने ती हलली. पंधरा-वीस मिनिटांत ती पाण्याखाली होती आणि आम्ही चार पावलं मागे सरकलो होतो.

“ही नवमीची भरती,” मी म्हटलं. “भांगाची. सगळ्यात मवाळ.”

काका थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नातीला काय सांगू?”

“चंद्र तोच आहे. रात्री नऊपर्यंत वाळूवर बसा. टेंट मागे माडांच्या बागेत लावू, लाटांचा आवाज तिथेही येतो.”

ऑफिसात परतलो आणि पुढचे तीन तास तुषार आणि मी फोनला चिकटलो. समुद्री कासवांची पिल्लं बघायला ठेवलेली वेळासची दोनातली एक रात्र कापली, मला सगळ्यात जड तेच गेलं. गुहागर एक दिवस आधी, गणपतीपुळे एक दिवस आधी. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या तिन्ही जेट्टींच्या फेऱ्या नव्या दिवसांशी पुन्हा जुळवल्या, रात्री उशिरा पोचून अडकायला नको म्हणून. तुषारने न सांगता प्रत्येक तारखेपुढे तिथी लिहिली, आणि तिच्यापुढे भरतीची वेळ.

शेवटचा फोन वेळासच्या घरमालकीण काकूंना. एका रात्रीचे पैसे बुडणार होते, मी संकोचानेच बोलले. त्या पैशांबद्दल काहीच म्हणाल्या नाहीत. “मुलगी केवढी आहे?” एवढंच विचारलं.

“दहा वर्षांची.”

“मग त्यांना सांगा, संध्याकाळी उजेड असतानाच पोचा. घरट्यांवरच्या टोपल्या संध्याकाळीही उघडतात आणि सकाळीही. संध्याकाळी पिल्लं नाही निघाली तर पोरीला मी सहाला उठवीन.”

मी ते तसंच्या तसं काकांच्या कागदावर लिहिलं, दुसऱ्या दिवसासमोर.